काळ्या गाडीवरचं जाळं: आधी पॅड, मग पॉलिश

प्रश्न थोडक्यात असा: पाच वर्षांची काळी सेडान, अंधेरीच्या सोसायटीत उघड्यावर उभी राहते. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात, डिकीवर पाण्याचे पांढरे डाग बसलेत. ड्युअल ॲक्शन मशीन (पॅड गोल फिरवता फिरवता झुलवणारं पॉलिशिंग मशीन) घेऊन झालंय, पण दुकानात पॉलिशच्या सात-आठ बाटल्या आणि सहा रंगांचे पॅड पाहून गोंधळ उडालाय. काय घ्यायचं?

दोन पॉलिश आणि तीन प्रकारचे पॅड घ्या. यापेक्षा जास्त माल बहुतेक गाड्यांना लागत नाही. मात्र त्यातली कुठली जोडी या गाडीवर चालेल, ते बाटलीवरचं वर्णन वाचून कळणार नाही. ते बॉनेटवर टेपने आखलेल्या दीड फुटी चौकोनात कळेल. खाली त्या चौकोनापर्यंत कसं पोचायचं ते लिहितो.

आधी हातात किती माल आहे ते बघू. कारखान्यातून आलेल्या गाडीवर प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन जाडी असते. झेरॉक्सचा एक कागद जवळपास १०० मायक्रॉनचा असतो, म्हणजे सगळा रंग मिळून एका कागदाएवढा. त्यात वरचा पारदर्शक क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉन, अर्धा कागदसुद्धा नाही. जाळं याच थरात असतं, आणि ते ‘काढायचं’ म्हणजे रेषांच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर घासून खाली आणायचा. फिनिशिंग पॉलिशचा, म्हणजे शेवटी चमक आणणाऱ्या बारीक पॉलिशचा, एक हात साधारण एखादा मायक्रॉन खातो. कटिंग कंपाउंड (जोरात घासणारं भरड पॉलिश) आणि कडक पॅड तीन-चार मायक्रॉन सहज नेतात. ऊन अडवणारी रसायनं या क्लिअरमध्येच असतात, त्यामुळे तो पातळ केला की काही वर्षांनी टपावर आणि बॉनेटवर क्लिअर पापुद्र्यासारखा सुटू लागतो. मुंबईच्या उन्हात उघड्यावर राहणाऱ्या गाडीला ही भीती जास्तच. म्हणून नख फिरवून जिथे अडकतं तो ओरखडा पॉलिशने पूर्ण घालवायच्या नादी लागू नका. त्याच्या कडा थोड्या गोल झाल्या, चमक कमी झाली, की थांबा.

जाडी मोजायचं गेज मिळालं तर जरूर वापरा, भाड्याने किंवा ओळखीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडून चालेल. एका पॅनेलवर चार-पाच ठिकाणी मोजा. सगळीकडे ११०-१२० येतं आणि एका दारावर २५० येतं, तर ते दार रंगवलेलं आहे. ५०० च्या वर गेलं तर खाली पुट्टी आहे असं समजा. ८० च्या आसपास आलं तर तिथे कंपाउंड लावू नका, फक्त फिनिशिंगचा हलका हात द्या. गेज एकूण जाडी दाखवतं, एकट्या क्लिअरची नाही, हे विसरू नका. साधं चुंबकीय गेज ॲल्युमिनियमच्या बॉनेटवर चालत नाही आणि प्लास्टिकच्या बंपरवर तर नाहीच नाही.

बाहेर रंगवून घेतलेला भाग असेल तर त्यावर कोणता रंग मारलाय तेही पाहा. दाराच्या आतल्या कडेला, जिथे दिसणार नाही तिथे, फडक्याच्या टोकाला थोडा एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर लावून पुसा. रंग विरघळून फडक्यावर आला तर तो एनसी आहे. तो मऊ असतो आणि गरम होताच चिकटतो, त्यावर मशीन हळूच. न विरघळणारा बहुधा पीयू (पॉलियुरेथेन). पॅडवर गाडीचाच रंग उतरायला लागला तर दोनच शक्यता: तिथे क्लिअर नाहीच (जुन्या गाड्यांवर असं असतं), किंवा होता तो संपला. दुसरी शक्यता असेल तर मशीन तिथेच बंद.

आता धुणं आणि डाग. ही पायरी टाळली की पुढचं सगळं बिघडतं. पृष्ठभागावर बसलेला कचरा न काढता पॉलिश केलं तर तोच कचरा पॅडखाली सापडून नवे ओरखडे काढतो. गाडी रेल्वे रुळांजवळ उभी राहत असेल तर लोकलच्या ब्रेकचा लोखंडी चुरा रंगात रुतलेला असतो. फिक्या रंगाच्या गाडीवर तो केशरी ठिपक्यांसारखा दिसतो, काळ्यावर फक्त हाताला खरखरतो. आयर्न रिमूव्हर मारा, जांभळे ओघळ येतील, सुकण्याआधी धुऊन टाका. पर्जन्यवृक्षाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीवर चिकट थर असतो, तो कोमट पाण्याने भिजवून आधी काढा. मग भरपूर वंगणासह क्ले, म्हणजे रुतलेला कचरा ओढून काढणारा मऊ गोळा, फिरवा. क्ले खाली पडला तर फेकून द्या, पुन्हा वापरू नका.

पांढऱ्या डागांचं गणित वेगळं आहे. महापालिकेचं पाणी तलावांतून येतं आणि तुलनेने मऊ असतं. डाग पाडतं ते बोअरवेलचं आणि टँकरचं पाणी, जे बऱ्याच सोसायट्यांत गाड्या धुवायला देतात. क्षार नुसते वर बसलेले असतील तर पांढरं व्हिनेगर आणि बॅटरीचं पाणी (डिस्टिल्ड वॉटर, ॲसिड नव्हे) समप्रमाणात मिसळून, फडक्याने मिनिटभर ओलं ठेवून, धुऊन टाकलं की जातात. त्यानंतरही कडा दिसत राहिली तर क्षाराने क्लिअर थोडा खाल्लाय, ते पॉलिशने निघेल. आणि कावळ्या-कबुतरांच्या विष्ठेने पडलेला खड्डा बोटाला लागत असेल, तर तो नखाच्या नियमात बसतो: सोडून द्या.

आता पॅड. लोक पॉलिशवर दोन हजार खर्च करतात आणि पॅड मिळेल तो घेतात. खरं तर उलटं करायला हवं. एकच मध्यम पॉलिश मऊ फोमवर फिनिशिंगचं काम करतं, मायक्रोफायबरवर कंपाउंडच्या जवळ जातं. बाटली तीच राहते, पण खालचा पॅड बदलला की काम बदलतं.

रंगावरून पॅड ओळखायची सवय सोडा, कारण रंगांचा कुठलाही समान नियम नाही. पिवळा पॅड घ्या उदाहरणाला. लेक कंट्रीचा पिवळा कटिंगचा आहे, मेग्वायर्सचा पिवळा मधला पॉलिशिंगचा, आणि रुपेसचा पिवळा बारीक कामाचा. नागदेवी स्ट्रीटवर किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर सुटे, बिननावाचे पॅड मिळतात तिथे तर रंग नुसता रंग असतो. अंगठ्याने दाबून पाहा: सहज दबून हळू वर येणारा मऊ, जोर लागणारा आणि झटकन उसळणारा कडक. तीन कंपन्यांचे पॅड गोळा करण्यापेक्षा एकाच कंपनीची मालिका घेतलेली बरी, म्हणजे कुठून कुठे गेलो ते कळतं.

काळ्या सेडानसाठी पुरेल असं सामान: मध्यम फोमचे तीन, मऊ फिनिशिंग फोमचे तीन, कटिंग मायक्रोफायबरचे दोन. खिडक्यांमधले खांब, आरशाचे कव्हर, बंपरचे कोपरे यांसाठी तीन इंची छोटे पॅड दोन-तीन. छोटा बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर चिकटतो ती चकती) तुमच्या मशीनवर बसतो का ते आधी बघा, नाही बसला तर ती जागा हाताने करा. एक पॅड घेऊन अख्खी गाडी करू नका. दोन-तीन पॅनेलनंतर पॅड पॉलिशने आणि निघालेल्या क्लिअरने भरतो, गरम होतो, मऊ पडतो आणि कापणं थांबवतो. लोक मग जोर वाढवतात आणि वेल्क्रोचा गोंद वितळून पॅड सुटतो. पॅड बॅकिंग प्लेटपेक्षा अर्धा इंच मोठा हवा, म्हणजे पाच इंची प्लेटला साडेपाच इंची पॅड, नाहीतर प्लेटची कड रंगावर आपटते.

मशीनचाही पॅडशी संबंध आहे. आठ मिलिमीटर ऑर्बिटच्या (पॅड झुलतो त्या घेराच्या) स्वस्त मशीनवर जाडजूड फोम लावला तर सगळी हालचाल फोममध्येच जिरते आणि रंगापर्यंत काही पोचत नाही. त्यावर पातळ पॅड लावा. १५ आणि २१ मिलिमीटरच्या लांब ऑर्बिटला मधे भोक असलेला पॅड घ्या, कारण उष्णता मध्यातच साठते. २१ चं मशीन बॉनेट आणि टपावर झपाट्याने काम करतं, पण दाराच्या मुडपलेल्या रेषांवर त्याचा पॅड फिरायचाच थांबतो. एकच मशीन असेल तर १५ चं बरं. परदेशातून आणलेलं मशीन ११० व्होल्टचं तर नाही ना, तेवढं लावण्याआधी पाहा.

लोकरीचा पॅड आणि रोटरी मशीन (पॅड न झुलवता नुसता गोल फिरवणारं) हे गॅरेजमधल्या ‘रबिंग-पॉलिश’चं हत्यार. ते कापतं जोरात, यात शंका नाही. पण काळ्या रंगावर ते होलोग्राम सोडतं: उन्हात गाडीभोवती चाललं की रेषांचे पट्टे सरकताना दिसतात. शिवाय रोटरी एका जागी क्षणभर जास्त थांबली की कड जळते. शिकाऊ हातात ते नको, एवढंच म्हणतो.

पॉलिशच्या बाटल्यांवर कट (किती घासतं) आणि फिनिशचे (किती चमक सोडतं) आकडे छापलेले असतात. ते फक्त त्या कंपनीच्या मालिकेतच लावायचे. मेंझर्नाचं ४०० हे जोरदार कटिंग आहे, मेग्वायर्सचं २०५ हे फिनिशिंग. आकड्याच्या हिशोबाने पाहिलं तर गोंधळच होईल. मेंझर्नात आकडा वाढतो तसं पॉलिश बारीक होतं: ४००, मग २५००, मग ३५०० आणि ३८००. काळ्या गाडीला यातलं २५०० च्या पातळीचं एक आणि ३५००-३८०० च्या पातळीचं एक, एवढं पुरतं. दुसऱ्या कंपनीचं घेतलं तरी पातळी तीच ठेवा: एक मध्यम, एक फिनिशिंग. जोरदार कटिंगची बाटली आत्ता घेऊ नका. टेस्टमध्ये गरज दिसली तरच घ्या.

पॉलिशमधल्या कणांचे दोन स्वभाव असतात. काही पॉलिशमधले कण काम करता करता फुटून बारीक होत जातात. ते मध्येच पुसलं तर अर्धवट फुटलेल्या कणांचे ओरखडे राहतात, म्हणून ठरलेले सगळे हात पूर्ण करायचे. मेग्वायर्सच्या १०५ आणि २०५ मधले कण मुळातच अतिबारीक आणि एकसारखे असतात, ते पहिल्या फेरीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखंच कापतात. तिथे जास्त वेळ चालवून फिनिश आपोआप येत नाही. ते पॅड आणि दाबावर येतं. बाटली कुठल्या जातीची आहे हे माहीत नसलं की एकाच पॉलिशला एक जण उत्तम म्हणतो आणि दुसरा भंगार.

आणि टिनच्या डब्यातलं जाडसर रबिंग कंपाउंड या कामात नको. त्याचे कण मोठे, राहिलेले ओरखडे खोल, आणि तेल-मेणाने तात्पुरती चमक येते. दोन पावसांत जाळं परत दिसतं, तेव्हा लोक समजतात की पॉलिश ‘उतरलं’. खरं तर जाळं निघालंच नव्हतं, फक्त तेलाने बुजलं होतं.

आता तो चौकोन. बॉनेटच्या सपाट मध्यभागी ४५ बाय ४५ सेंटिमीटर टेपने आखा. पहिली जोडी: मध्यम पॉलिश आणि मध्यम फोम. नवीन पॅडच्या सगळ्या तोंडावर बोटाने पातळ थर चोळा, कोरडी जागा राहता कामा नये, मग वाटाण्याएवढे चार थेंब. पुढच्या भागाला तीनच. मशीन बंद ठेवून पॉलिश पसरवा, मग वेगाच्या एक नंबरवर एक फेरी, मग चार-पाच नंबरवर चार ते सहा फेऱ्या, आधी आडव्या, मग उभ्या, प्रत्येक पट्टा आधीच्यावर अर्धा चढवून. सेकंदाला तीन सेंटिमीटरपेक्षा भरभर हलवू नका. बहुतेकांचा हात याच्या दुप्पट वेगाने जातो आणि मग ‘कटच होत नाही’ अशी तक्रार येते.

दाब किती, ते घरच्या वजनकाट्यावर शिका. मशीन बंद ठेवून पॅड काट्यावर टेकवा, मशीनच्या वजनासकट पाच-सहा किलो येईपर्यंत दाबा, आणि हाताला ते लक्षात राहू द्या. बॅकिंग प्लेटवर मार्करने एक रेघ मारा. चालू मशीनमध्ये ती गोल फिरताना दिसली पाहिजे. फक्त थरथरत असेल तर पॅड तिरका आहे किंवा दाब जास्त आहे.

पुसून झालं की आयसोप्रोपिल अल्कोहोल. ७० टक्क्यांचं असेल तर त्यात चारपट बॅटरीचं पाणी घाला, ९९ टक्क्यांचं असेल तर सहापट. यापेक्षा कडक नको, मऊ रंग त्याने फुगतो. या पुसण्याने पॉलिशचं तेल निघतं आणि खरं चित्र दिसतं. ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या सुंदर दिसतात, म्हणून बारीक झोताची एलईडी टॉर्च तिरकी धरा. मग शक्य असेल तर गाडी उन्हात काढून पाहा.

निकाल वाचायची रीत अशी. शंभरातली ऐंशी जाळी गेली आणि चमक स्वच्छ असेल तर तीच जोडी, दुसरी पायरी नको. जाळी गेली पण धुरकट झाक राहिली असेल तर याच जोडीनंतर फिनिशिंग पॉलिश आणि मऊ फोम. जाळी फारशी हललीच नाहीत तर पॉलिश तेच ठेवा आणि पॅड मायक्रोफायबरचा लावून शेजारच्या चौकोनात करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पॅड, पॉलिश, वेग एकदम बदलले तर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. त्यानंतरही जाळी ठाम असतील तरच जोरदार कटिंगची बाटली.

काळ्या गाडीत बहुतेक वेळा अडचण कट न होण्याची नसते, झाक न जाण्याची असते. होंडा, टोयोटासारख्या जपानी गाड्यांचा काळा साधारणपणे मऊ निघतो, फोक्सवॅगन-ऑडीचा कडक. तरी यावर विसंबू नका, टेस्ट करा. मऊ काळ्यावर मायक्रोफायबरचे तंतूच बारीक रेषा पाडतात. मग फिनिशिंगला कोरा पॅड घ्या, वेग तीन-साडेतीनवर आणा, शेवटच्या दोन फेऱ्यांत मशीनचं नुसतं वजन राहू द्या. तरी झाक राहिली तर पॅड आणखी मऊ करा, पॉलिश आणखी बारीक करायची घाई नको. आणि पुसायचं फडकं तपासा. मऊ रंगावर निम्मे ‘पॉलिशचे ओरखडे’ फडक्याचे असतात. कडेला शिलाई नसलेली मायक्रोफायबर दहा-बारा तरी हवीत, वेगळी धुतलेली, कपड्यांचं कंडिशनर न घालता. खाली पडलेलं फडकं त्या दिवसापुरतं बाद.

मोजमापाचं सांगायचं तर एका सेडानला एका पायरीत साधारण ६० ते १०० मिलिलिटर मध्यम पॉलिश जातं, फिनिशिंगचं त्याहून कमी. २५० मिलिलिटरची बाटली पुरून उरते. दोन पायऱ्यांचं काम पहिल्यांदा करणाऱ्याला दोन पूर्ण दिवस धरा. सुरू करण्याआधी पॅनेलच्या कडा, मुडपलेल्या रेषा, काळं प्लास्टिक आणि रबर टेपने झाका. कडांवर रंग मुळात पातळ असतो, आणि काळ्या प्लास्टिकवर वाळलेलं पॉलिश पांढरं बसून राहतं. बंपरवर वेग एक नंबर कमी ठेवा. प्लास्टिक उष्णता वाहून नेत नाही, ती तिथेच साठते.

काम चालू असताना पिठासारखी धूळ उडत असेल तर पॅनेल गरम आहे, पॉलिश कमी पडतंय किंवा डोक्यावरचा पंखा ते सुकवतोय. पाण्याचा एक हलका फवारा पॅडवर मारून बघा. उलट पॉलिश चिकट होऊन गोळ्या धरत असेल तर ते जास्त झालंय किंवा पॅड भरलाय. प्रत्येक चौकोनानंतर मशीन हळू चालवत पॅडवर नायलॉनचा ब्रश धरा, मायक्रोफायबरला कॉम्प्रेसरची हवा मिळाली तर उत्तम.

मुंबईत ऋतूचा हिशोब ठेवावा लागतो. मे महिन्यात उन्हात उभ्या काळ्या बॉनेटचं तापमान ६० अंशांच्या वर सहज जातं. हाताची मागची बाजू आरामात टेकवता येत नसेल तर काम सुरू करू नका. पहाटे किंवा बेसमेंटमध्ये करा. जुलैत अडचण उलटी असते. दमट हवेत पॉलिशमधलं पाणी उडत नाही, तेल पसरतं आणि पुसताना फरफटतं. अशा वेळी पॉलिश आणखी कमी घ्या, चौकोन लहान करा, आणि एका कोरड्या फडक्यानंतर दुसरं घ्या. फोमचे पॅड धुऊन, पिळा न देता दाबून, वेल्क्रो वर ठेवून सुकवले तरी पावसाळ्यात दोन दिवस घेतात. ओलसर पॅड मशीनवर लावला की पाणी आणि पॉलिश दोन्ही शिंपडतो. म्हणून पावसात काम करायचं असेल तर पॅडचा दुसरा संच लागतोच. शेजारी मेट्रोचं किंवा इमारतीचं बांधकाम चालू असेल तर उघड्यावर पॉलिश करू नका. सिमेंटची उडती धूळ ओल्या पॉलिशमध्ये मिसळली की पॅड सँडपेपर होतो.

पॉलिश पूर्ण झाल्यावर पुन्हा एकदा अल्कोहोलने पुसा आणि त्याच दिवशी सीलंट, म्हणजे रंगावरचा संरक्षक थर, लावा. त्याऐवजी जास्त टिकणारं सिरॅमिक कोटिंग लावायचं असेल तर बाटलीवर दिलेले तास, बहुधा १२ ते २४, गाडी छताखाली कोरडी राहील अशी सोय आधी करा. ती जमत नसेल तर दिवाळीपर्यंत सीलंटवरच भागवा.

शेवटचं, गाडी पुसायला येणाऱ्याबद्दल. हे जाळं मुख्यतः त्याच्या फडक्याने पडतं: एकच बादली, तेच पाणी दहा गाड्यांना, आणि धुळीवर ओला फडका गोल गोल. त्याला पगार तोच द्या, पण सांगा की बॉडीला हात लावायचा नाही, फक्त काचा आणि चाकं. आठवड्यातून एकदा दोन बादल्यांनी, एकीत शॅम्पू आणि दुसरीत साधं पाणी, वरून खाली सरळ रेषेत धुवा. बोअरवेलचंच पाणी असेल तर सुकू देण्याआधी पुसून घ्या. पाच मिनिटं उन्हात राहिलं की डिकीवर तेच पांढरे डाग पुन्हा बसतील.